पोसा म्हणजे मुलगा
(डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या एका कार्यकर्त्याने वाडीवरच्या शिबिरात केलेले भाषण. बोलणे जसे झाले तसेच बहुतेक ठेवले आहे. ज्या गावांत आणि शाळांत हे घडले त्यांची नावे त्याच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.)

बायांनो, दादांनो, आणि मागं कुडाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनो,

मला सांगितलं, तू आता मास्तर होणार, तर शाळेबद्दल बोल. मी अजून मास्तर झालेलो नाही. आमच्यासारख्यांना छात्राध्यापक म्हणतात. म्हणजे अर्धा विद्यार्थी, अर्धा गुरुजी. पोरं गुरुजी म्हणतात आणि मागच्या बाकावर बसलेले आमचे मार्गदर्शक वहीत आमच्या चुका लिहितात. असे पहिले काही आठवडे कसे गेले ते सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगणार आहे. आणि एक जमिनीची गोष्ट आहे, ती तुमच्या कामाची आहे.

मी साताऱ्याला शिकायला गेलो तो आश्रमशाळेतून. आपल्या वाडीतून घाट चढून वर कोळसा पाडायला माणसं जायची, पुस्तकं घेऊन गेलेला मी पहिलाच. सातारा हे शाळांचं गाव आहे. सावित्रीबाई ज्या नायगावात 3 जानेवारी 1831 ला जन्मल्या ते गाव याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्या आधी स्वतः शिकल्या, शिकवायचं कसं तेही शिकल्या, आणि मग 1848 साली पुण्यात मुलींसमोर उभ्या राहिल्या. म्हणजे त्याही आधी छात्राध्यापकच होत्या. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. आणि 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्याच सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी हे नाव चढलं. ते पुढं बाबासाहेब आंबेडकर झाले. रजिस्टरातलं नाव ही काय चीज असते, ते पुढं येईलच.

एवढं सगळं ऐकून मी पहिल्या दिवशी छाती फुगवून वर्गात गेलो. जुलै महिना, पाऊस धो धो, डोंगराच्या पायथ्याची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, दोन गुरुजी. एका खोलीत पहिली आणि दुसरी पाठीला पाठ लावून बसलेली. मी रात्रभर जागून पाठाचं टाचण काढलं होतं. आम्हाला शिकवतात की आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय विवेचन, मग संकलन, मग उपयोजन, शेवटी गृहपाठ. पस्तीस मिनिटांचा हिशेब कागदावर पक्का. माझी प्रस्तावना चालू असतानाच कौल सरकलं आणि पाणी थेट पहिलीच्या पाट्यांवर. अर्धा तास आम्ही बस्करं उचलत होतो. हेतुकथन राहूनच गेलं. मार्गदर्शकांनी वहीत लिहिलं, "हेतुकथन केले नाही." खरंच होतं ते.

आता माझी चूक.

त्या पहिलीत धरणाच्या काठच्या वस्तीवरची एक मुलगी होती. वस्ती आपल्याच लोकांची, कातकऱ्यांची. मासे मारतात, भट्टीवर जातात, वर गायरानात थोडी नाचणी, वरी करतात. ती मुलगी दाराजवळ बसायची, चपला काढतात तिथं. तिला तिथं बसायला कोणी सांगितलं नव्हतं. पण तिथून पुढं ये असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मी चित्राचा तक्ता लावला. चित्रात मुलगा. विचारलं, हे कोण? सगळे गप्प. आणि दारातून आवाज आला, "पोसा!"

वर्ग हसला. पोसा म्हणजे मुलगा, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या आईनं मला याच शब्दानं हाक मारली. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "पोसा नाही. मुलगा. म्हण, मुलगा." तीनदा म्हणायला लावलं. वर्ग तीनदा हसला. मागं मार्गदर्शक बसले होते ना! मला भीती वाटली की मी हसलो नाही, रागावलो नाही, तर त्यांना कळेल की हा शब्द मला येतो. मी कुठला आहे ते मी तिथं कोणाला सांगितलेलं नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं, आणि मी कळू देत नव्हतो.

त्या पाठाला मला चांगला शेरा मिळाला. "उच्चार सुधारणा केली." दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही.

चार दिवस मी वाट बघितली. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, चिखल तुडवत वस्तीवर गेलो. तिचा बाप जाळं विणत होता. गुरुजी आला म्हणून तो उभाच राहिला, बसेना. मी आपल्या बोलीत म्हणालो, बस काका. त्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग आत आवाज दिला, चहा ठेव, हा आपलाच पोसा आहे.

मुलगी कुडाआडून बघत होती. मी तिच्याशी काही बोललो नाही. काय बोलणार? सोमवारी वर्गात पुन्हा तोच तक्ता लावला आणि सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरी मुलाला काय म्हणतात? कोणी सांगितलं पोरगा, कोणी पोर, कोणी बाळ्या. मी फळ्यावर सगळं लिहिलं आणि त्यात पोसाही लिहिलं. म्हणालो, माझ्या घरी असं म्हणतात. ती दारातूनच बघत होती. पण बुधवारी एक हात आत सरकली. आठवड्यानं फळ्यापाशी आली. एवढंच झालं. पण ते मला टाचणापेक्षा मोठं वाटलं.

आता जमिनीची गोष्ट.

त्या दिवशी चहा झाल्यावर तिच्या बापानं कौलाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तीन कागद. तो म्हणाला, गुरुजी, वाच. वस्तीत कोणाला वाचता येत नव्हतं. गावात वाचून घ्यायला जावं, तर जो वाचतो त्याच्याच गुरांचा त्या गायरानावर डोळा. हे तुम्हाला ओळखीचं आहे, हो ना?

कागद म्हणजे दंडाच्या पावत्या होत्या. गायरानात शेती केली म्हणून अतिक्रमणाचा दंड. तो बिचारा त्या पावत्या गुन्ह्यासारख्या लपवून ठेवत होता! मी संघटनेत जे शिकलो ते त्याला सांगितलं. 27 डिसेंबर 1978 चा शासन निर्णय आहे. 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळात भूमिहीनांनी सरकारी जमिनीवर शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची, असं त्यात आहे. मग दंडाची पावती हाच आपला पुरावा. तलाठ्याकडं अतिक्रमणाची नोंदवही असते, गाव नमुना एक-ई, त्यात नाव आहे का बघायचं. पण त्याच्या तिन्ही पावत्या 1978 नंतरच्या. आधीची पावती उंदरांनी खाल्ली. मग आधीपासून इथं राहत होतो हे दाखवायचं कशावरून?

मी विचारलं, मोठा मुलगा कधी शाळेत गेला होता का? म्हणाला, गेला होता, एक पावसाळा. मास्तरनं मारलं, मग नाही गेला.

सोमवारी मी हेडगुरुजींना जनरल रजिस्टर मागितलं. चांगला माणूस, म्हणाले, बघ की. धूळ झाडून जुनं रजिस्टर काढलं. आणि जून 1976 मध्ये त्या पोराचं नाव सापडलं! बापाचं नाव, राहणार म्हणून वस्तीचं नाव, सगळं होतं. एक पावसाळा शाळेत बसलेल्या पोरानं बापाचं तिथलं राहणं सरकारी कागदावर नोंदवून ठेवलं होतं. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं.

पण त्याच ओळीत जातीच्या रकान्यात "कातवडी" लिहिलं होतं. लोक म्हणतात तसं लिहिलं, त्या गुरुजींचा काही हेतू नसेल. पण अनुसूचित जमातींच्या यादीत शब्द आहेत कातकरी, काथोडी. दाखला काढायला गेलं की कारकून म्हणतो, असा शब्द यादीत नाही. आणि जन्मतारीख? 1 जून. खालच्या पोराची 1 जून, वरच्या पोराची 1 जून. आपल्या लोकांची सगळी पोरं 1 जूनलाच जन्मतात असं दिसतं! आपण तारीख सांगत नाही, गुरुजी विचारत नाहीत, आणि शाळा जूनमध्ये उघडते.

हेडगुरुजींनी त्या नोंदीचा उतारा सही-शिक्क्यानं दिला. अर्ज तहसीलला आहे. निकाल लागलेला नाही. लागला असं मी सांगणार नाही.

आणखी एक. माझा चौथीला क्षेत्रफळाचा पाठ होता. पुस्तकात चौरस सेंटिमीटर. पोरं कंटाळलेली. मी तेहतीस फुटांचा दोर घेतला आणि पोरांना बाहेर काढलं. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठा. 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि सातबाऱ्यावर असतं हेक्टर आणि आर. शंभर आरांचा एक हेक्टर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, गुंठा किंचित मोठा. हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर एकोणीस गुंठे. पोरांनी आधी शाळेचं मैदान मोजलं. मग वस्तीवरचं एक पोरगं म्हणालं, गुरुजी, आमच्या काकाचं वावर मोजू.

गेलो. पाऊस थांबला होता. दोर टाकत टाकत वावर भरलं दोन दोर रुंद, पाच दोर लांब. दोन पंचे दहा. दहा गुंठे, हे पोरांनीच सांगितलं. मी पिशवीतली पावती काढायला लावली. पावतीवर क्षेत्र 0.04 हेक्टर. म्हणजे चार आर. कसतो दहा, कागदावर चार. उद्या नियमित झालं तर चारच होणार आणि सहा जाणार.

तेव्हा एक चौथीतली मुलगी, पाटलांच्या आळीतली बरं का, म्हणाली, "गुरुजी, मग कागद चुकलाय." त्या दिवशी माझं उपयोजन झालं. मार्गदर्शक नव्हते, शेरा नाही मिळाला. फेरमोजणीचा अर्ज मात्र दिला.

दिवाळीनंतर मला सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात शाळा मिळाली. उसाचा मुलूख. शाळा पक्की, खोल्या भरपूर, माळ्यावर तक्ते. पण कारखान्याचा भोंगा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, नगरकडच्या. शाळेच्या कुंपणाबाहेर खोप्या. त्यांची पोरं कुंपणाला लटकून आत बघतात. मी चारजणांना आत घेतलं. एक आठ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन आली, त्याला मांडीवर ठेवून पाटी लिहायची. दुपारी वाढं गोळा करायला पळायची. तिचं नाव गावाकडच्या शाळेत आहे, तिथं ती गैरहजर. इथं ती हजर आहे, तर इथं नाव नाही. मार्चमध्ये परीक्षेला ती कुठं असेल? फडात. दोन आठवड्यांत तिला स्वतःचं नाव लिहिता आलं. मग टोळी दुसऱ्या फडावर हलली. मुकादमाला विचारलं, कुठं? म्हणाला, जिथं चिठ्ठी येईल तिथं. तिच्यासाठी मला काही करता आलं नाही. ते तसंच सांगतो.

आपल्याकडंही दिवाळी झाली की वाड्या वीटभट्टीवर रिकाम्या होतात, म्हणून हे सांगितलं.

आता कामाचं बोलतो, आणि बसतो.

एक. पोरगं शाळेत घालायला आईनं किंवा बापानं स्वतः जायचं. गुरुजी रजिस्टर लिहितील तेव्हा उभं राहायचं आणि विचारायचं, जात काय लिहिली? वाचून दाखवा. कातकऱ्यानं कातकरीच लिहून घ्यायचं. ठाकूर, वारली, महादेव कोळी, ज्याचं त्यानं पूर्ण लिहून घ्यायचं. नुसतं कोळी लिहिलं की पुढं रडायचं.

दोन. वाडीत कोणाचंही पोर कधीही, एक महिना जरी, शाळेत गेलं असेल, तर त्या शाळेतून नोंदीचा उतारा काढायचा. जमिनीच्या फाईलला जोडायचा.

तीन. दंडाच्या पावत्या लपवायच्या नाहीत, जपायच्या. कौलाखाली उंदीर असतात, पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चार. प्रत्येक वाडीत एक तेहतीस फुटांचा दोर असू द्या. चौथी झालेल्या पोरांना घेऊन आपापली दळी मोजा आणि वहीत लिहा. मोजणीदार येईल तेव्हा आपला आकडा आपल्याकडं हवा.

पाच. जे गुरुजी तुमच्या पोराच्या बोलीला हसतात, त्यांच्याशी भांडण नको, पण जाऊन बोला. हसणारा बाहेरचाच असतो असं नाही. मी आपलाच होतो, आणि मी हसवलं.

मला पुढच्या वर्षी नोकरी लागली तर कुठं लागेल माहीत नाही. पण पहिल्या दिवशी नाव सांगताना वाडीचं नावही सांगणार, हे ठरवलंय. एवढंच.

जिंदाबाद.