पत राखावी आणि पत नोंदवावी
(भिवंडी येथे व्यापारी व लघुउद्योजकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भिवंडी म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, यंत्रमाग आणि गोदामे. मागांच्या खडखडाटावर या नगरीतील लक्षावधी लोकांची चूल पेटली. पुढे मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदी दाराशी, अशा काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या बलाढ्य कंपन्यांचा माल येथून घरोघरी रवाना होतो. आणि त्याच गोदामांपासून हाकेच्या अंतरावर असलेले आपल्या बांधवाचे दुकान शेजारच्या नव्या वसाहतीत राहायला आलेल्या कुटुंबाला ठाऊक नसते! 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेले दुसरे गाव शोधून सापडणार नाही.

असे का व्हावे? आपल्या वाडवडिलांची पत तोंडी होती. ब्राह्मण आळीत किंवा तीन बत्तीला कोणाचे माप चोख आहे, हे विचारावे लागत नसे. आज भिवंडीत रोज नवी माणसे येतात. त्यांना आळी ठाऊक नाही, आळीला ती ठाऊक नाहीत. ती भ्रमणध्वनीला विचारतात. रात्री दहा वाजता मागाची मोटर जळाली, तर नवखा कारखानदार 'जवळपास मोटर रिवाइंडिंग' असे शोधतो. जो दिसतो त्याला काम मिळते. तीस वर्षे हाच व्यवसाय सचोटीने करणारा कारागीर दोन गल्ल्या पलीकडे बसलेला असतो. पण त्याची नोंदच नसते. कारखानदाराचे माग ताटकळतात आणि कारागिराची रोजी बुडते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे घरच्या अडचणींबाबत ठीक आहे, दुकानाबाबत नाही.

गुगलच्या नकाशावर स्थानिक दुकानांचा क्रम कसा लागतो, हे काही गूढ नाही. कंपनीने स्वतःच तीन कसोट्या सांगितल्या आहेत. ग्राहकाने जे विचारले त्याच्याशी आपली नोंद किती जुळते, ही पहिली. तो जेथे आहे तेथून आपण किती अंतरावर आहोत, ही दुसरी. आपले नाव किती परिचित आहे, ही तिसरी. तीत अभिप्रायांची संख्या आणि त्यांतील तारेही मोजले जातात. अंतर आपल्या हाती नाही, बाकीचे पुष्कळसे आहे.

म्हणून प्रथम आपली नोंद करावी. ती विनामूल्य आहे. 'तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो, इतके पैसे भरा' असे दूरध्वनी येतात. त्यांना बळी पडू नका. या क्रमातील वरची जागा पैसे देऊन मिळत नाही, असे गुगलनेच स्पष्ट केले आहे. सशुल्क जाहिरात ही वेगळी गोष्ट असून तिच्यावर तसा शिक्का असतो. नोंद मात्र स्वतःच्या खात्यावरूनच करा. दलालाच्या खात्यावरून केलेली नोंद म्हणजे दुकान आपले आणि किल्ली परक्याच्या खिशात!

पाटीवर जे नाव तेच नोंदीत असावे. नावापुढे 'भिवंडीतील सर्वोत्तम व स्वस्त' असली शेपटे जोडणे नियमबाह्य आहे आणि त्यापायी नोंद स्थगितही होऊ शकते. भिवंडीत पत्त्याची अडचण विशेष आहे. अमक्याचे कंपाउंड, तमक्या इमारतीतील गाळा, एवढ्यावर टपाल पोहोचते. नकाशा पोहोचत नाही. तेव्हा खूण अचूक आपल्या दारावर ठेवा, गाव, नाका आणि पिनकोड लिहा, आणि अंजूरफाट्याचे दुकान कल्याण नाक्यावर दाखवू नका. व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा. गणेशोत्सव-दिवाळीतील बदललेल्या वेळा आधी नोंदवा, कारण बंद दारापाशी आलेला ग्राहक पुन्हा फिरकत नाही. वर्णन मराठीतही लिहा. आज मराठीत बोलूनही शोध घेता येतो. मग आपल्या मालाचे नाव आपल्याच भाषेत का नसावे?

आता अभिप्रायांकडे वळू. येथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि सचोटीचा सुरू होतो. बाजारात आज अभिप्राय विकत मिळतात. पाच-पाच ताऱ्यांची स्तुती घाऊक भावाने लिहून दिली जाते. बंधूंनो, याला आपल्याकडे जुना शब्द आहे, 'मापात पाप'. खोटे वजन ठेवणारा एका गिऱ्हाइकाला फसवतो. खोटी स्तुती लिहवून घेणारा ती वाचणाऱ्या प्रत्येकाला फसवतो आणि शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराच्या पोटावर पाय देतो. सवलतीचे आमिष दाखवून अभिप्राय मागणेही गुगलच्या नियमांत बसत नाही. काम झाल्यावर ग्राहकाला नम्रपणे 'जे वाटले ते लिहा' असे सांगावे. त्यात कमीपणा कसला?

कायदाही आता जागा झाला आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेतील विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवले गेले. पण विकतचे अभिप्राय प्रसिद्ध होऊ नयेत आणि लिहिणारा खरा माणूस असल्याची खातरजमा व्हावी, ही दिशा त्याने आखून दिली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतही ऑक्टोबर २०२४ पासून बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी लागू झाली. अर्थात, दंडाच्या भीतीने पाळलेली सचोटी फार काळ टिकत नाही. ती दुकानाच्या संस्कारातच हवी.

एखादा अभिप्राय वाईट आला, तर? भांडू नका. आपले उत्तर त्या एका ग्राहकापुरते नसते, पुढचे शंभर जण ते वाचतात. तक्रार खरी असेल तर दोष मान्य करा, तो दूर करा आणि तसे लिहा. खोटी असेल तर शांतपणे वस्तुस्थिती मांडा आणि नियमभंगाची तक्रार नोंदवा.

काही जण विचारतील, परदेशी कंपनीच्या दारात जाऊन उभे राहायचे, मग स्वदेशीचे काय? १९९१ साली दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशी जागरण मंचाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा प्रश्न आर्थिक स्वातंत्र्याचा होता, आजही तोच आहे. साधन वापरावे, त्याचे दास होऊ नये. भारतीय कंपनी मॅपमायइंडियाच्या 'मॅपल्स' नकाशावरही नोंद करा. १९९६ पासून चालत आलेल्या जस्टडायलवरही असा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपल्या ग्राहकांची वही आपल्यापाशी ठेवा. दूरच्या कोणा कंपनीने उद्या नियम बदलले, तरी त्या वहीतील नाती कोणी पुसू शकणार नाही.

शेवटी, येथे ग्राहक म्हणून बसलेल्या कुटुंबांना एक विनंती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, त्यामागे ग्राहकाने जागरूक राहावे ही तळमळ होती. आजच्या जागरूकतेचे एक साधे रूप म्हणजे खरा अभिप्राय. शिंप्याने वेळेवर कपडे दिले, मिस्त्रीने चोख काम केले, तर दोन ओळी लिहा. फसवणूक झाली तर तेही लिहा. पण ज्या दुकानाची पायरी आपण चढलोच नाही, त्याच्याविषयी रागाने, आकसाने किंवा जातपात-पंथ पाहून एक अक्षरही लिहू नका. असा अभिप्राय म्हणजे खोटी साक्ष, आणि खोटी साक्ष देणाऱ्या समाजाची पत कोणत्याच बाजारात राहत नाही.

आज घरी गेल्यावर दोन कामे करा. दुकान असेल तर त्याची नोंद स्वतः उघडून तपासा. आणि आपल्याला प्रामाणिक सेवा देणाऱ्या एका लहान व्यावसायिकाबद्दल दोन खऱ्या ओळी लिहा. इतके प्रत्येकाने केले, तरी गोदामांच्या या नगरीत गाळ्यातला माणूस दिसू लागेल.