लाल लघवी आणि आपली ‘उष्णता’
(सव येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आरोग्यावर दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. आपली बॅच आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहे, म्हणून एकच विषय घेतो. जेवणाआधी तो जरा अवघड वाटेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे लघवी लाल झाली की पहिला शब्द येतो ‘उष्णता’. सवमध्ये तर जमिनीतूनच कढत पाणी येतं, त्यामुळे उष्णतेवर आपला विश्वास अंमळ जास्तच! मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, खडा असेल म्हणून कुळथाचं कढण. दोन दिवसांत लघवी साफ होते आणि उपाय लागू पडला असं वाटतं. मेख इथेच आहे. गाठीतून येणारं रक्त मधूनमधूनच येतं. ते कढणाने थांबत नाही, आपसूक थांबतं. शिवाय बहुतेकदा दुखत नाही. मुतखडा माणसाला गडाबडा लोळवतो, कॅन्सर गप्प बसतो.

पोलादपूरकडचे एक काका माझ्याकडे आले होते. आयुष्यभर विडी ओढलेली. सोनोग्राफीत मूत्रपिंडावर गाठ दिसली. घरचे म्हणाले, ‘डॉक्टर, लगेच काढून टाका.’ पण रक्त आलं होतं, म्हणून आधी दुर्बिणीतून लघवीची पिशवी पाहिली. आत दुसरी, लहानशी गाठ होती, सोनोग्राफीत न दिसलेली. तपासणीत दोन्ही कॅन्सर निघाले, आणि एकातून पसरलेला दुसरा नव्हे, दोन वेगळ्या जातींचे.

असं एकाच वेळी क्वचित होतं, पण होतं. मूत्रपिंडाच्या मांसल भागाचा कॅन्सर वेगळा. मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्रनलिकेतून पिशवीपर्यंत एकच अस्तर असतं, त्याचा कॅन्सर वेगळा. उपचारही वेगळे. मांसल भागातली लहान गाठ अनेकदा तेवढीच काढून मूत्रपिंड वाचवता येतं. वरच्या अस्तरात असेल तर बऱ्याचदा मूत्रपिंड नलिकेसकट काढावं लागतं. पिशवीतली वरवरची गाठ दुर्बिणीतून खरवडतात, पण ती पुन्हा उगवू शकते, म्हणून वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. म्हणून एक कारण सापडलं की शोध थांबवायचा नाही. खडा सापडला तरीही डॉक्टरांना विचारा, ‘पिशवी पाहिलीत का?’

तंबाखूचा धूर दोन्हींना खतपाणी घालतो. त्यातली विषं मूत्रपिंड गाळतं आणि ती पिशवीत तासन् तास साठून राहतात. रसायनांचंही तसंच. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पिशवीतल्या गाठींची नोंद केली. आपल्यातले काहीजण महाडच्या औद्योगिक वसाहतीत होते, काही मुंबईला. मी कुणा कारखान्यावर बोट ठेवत नाही. पण काम सोडून वीस वर्षं झाली असली तरी कोणती रसायनं हाताळली ते डॉक्टरांना सांगा, कारण हा आजार फार उशिरा डोकं वर काढतो.

बायकांना वेगळं सांगतो. ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून तीनतीनदा गोळ्या घेऊनही रक्त येत असेल, तर चौथ्यांदा गोळ्या नकोत, तपासणी हवी.

खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयात आधी विचारा. टाटा रुग्णालय म्हटलं की परळच डोळ्यांसमोर येतं, पण त्यांचं खारघरचं केंद्र आपल्याला वाटेतच लागतं.

जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसतोय. कुणाकडे जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या, आणि सुनेला किंवा मुलालाही बरोबर आणा.