भरतखंडाचा जुना सांधा



दक्षिणेचें पठार म्हणजे अढळ भूमि, अशी आपली समजूत असते. हिमालय तरुण पर्वत, तेथें जमीन हलावयाचीच. पण विंध्य-सातपुड्यासारख्या वृद्ध पर्वतांच्या छायेंत राहणारांनीं काय म्हणून भ्यावें? तथापि १९९७ सालीं मे महिन्याच्या २२ तारखेस पहाटे जबलपूर हादरलें, अनेक घरें कोसळलीं व सुमारें चाळीस माणसें दगावलीं. त्या धक्क्याचा उगम जमिनीखालीं सुमारें ३५ किलोमीटर, म्हणजे भूकवचाच्या जवळजवळ तळाशीं होता. इतक्या खोल तेथें काय दडलें आहे, तेंच आज पाहूं.

आपण ज्यास एकसंध भूखंड मानतों, तो मुळांत तसा नव्हता. उत्तरेस बुंदेलखंडाचा व दक्षिणेस बस्तरचा, असे पुरातन खडकांचे दोन गाभे होते. ते एकमेकांकडे सरकत आले, आदळले, आणि सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वीं त्यांचा सांधा पक्का झाला. समुद्रतळीं साचलेला गाळ त्या दाबानें व उष्णतेनें चिरडला आणि रूपांतर पावला. नागपूर-भंडाऱ्याकडे मनसर व डोंगरी बुजुर्ग येथें जें मँगनीज खणून काढतात, तें याच रूपांतरित गाळांतलें होय.

पुढें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालारसाच्या थरांनीं सांध्याचा बराच भाग झांकला. वर काळा फत्तर आला, पण खालची चीर बुजली नाहीं. झाळून जोडलेल्या पातेल्यावर कितीहि कल्हई चढविली, तरी ठोका बसतांच तें सांध्याशींच तडकतें. भरतखंड वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. वाटेंत आशियाचा अडसर असल्यामुळें सर्व भूखंडावर दाब पडतो, आणि तो या दुबळ्या जागीं एकवटतो. १९२७ सालीं शोण नदीच्या खोऱ्यांत व १९३८ सालीं सातपुड्यांत झालेले भूकंपहि याच पट्ट्यांतले.

असा धक्का केव्हां बसेल, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. कोठें बसण्याचा संभव अधिक, हें मात्र हा सांधा सांगतो. तेवढें ज्ञानहि थोडें नव्हे. नर्मदेकांठीं घर बांधणाऱ्यानें भिंतींचे कोपरे एकमेकांत नीट गुंफावे, दारें-खिडक्यांवरून चारी भिंतींस कवळणारा सलग पट्टा घालावा, छप्पर जड करूं नये. भूकंपांत माणसें बहुधा मरतात तीं जमीन हलल्यामुळें नव्हे, तर स्वतःच उभारलेल्या भिंतींखालीं सांपडून. पृथ्वीचा सांधा आपल्या हातीं नाहीं. भिंतीचा सांधा आहे.