वेगवान गाडीचा रेडिएटर

टर्बो बसवून इंजिनाची ताकद वाढवली की उष्णताही वाढते. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो आणि तिथे मूळ रेडिएटर अपुरा पडू लागतो. नवा निवडताना आधी समोरचे क्षेत्रफळ पाहावे. जाडीपेक्षा लांबी-रुंदी वाढवणे केव्हाही चांगले, कारण जाड रेडिएटरमध्ये मागच्या नळ्यांपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते आणि ती ओढणे पंख्यालाही जड जाते. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा चांगले उष्णतावाहक; तरीही रेसिंगमध्ये पसंती ॲल्युमिनियमलाच, कारण ते हलके आणि मजबूत असल्याने नळ्या रुंद ठेवता येतात. टाक्याही प्लास्टिकच्या नकोत, वेल्डिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. पंख्याभोवतीचे आवरण मात्र कधीही काढू नये. सिग्नलला थांबलेल्या गाडीत संपूर्ण जाळीतून हवा खेचली जाते ती त्याच्यामुळेच.