नेम चुकतो कोठे?



काल-परवापर्यंत विश्वासाने मारा करणारी बोल्ट-अॅक्शन रायफल एका सकाळी निशाण सोडून भलतीकडे गोळ्या टाकू लागली, म्हणजे तिचा धनी प्रथम काय करतो, हे चांदमारीच्या मैदानावर मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. तो नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरकवतो, स्क्रू आवळतो, काडतुसे बदलतो. आणि ही तिन्ही कामे एकाच बैठकीत उरकल्यामुळे रायफल सुधारली तरी कशाने सुधारली आणि बिघडली तरी कशाने बिघडली, याचा पत्ता त्याला अखेरपर्यंत लागत नाही. गुन्ह्याच्या जागी आलेला फौजदार पंचनामा पुरा होईपर्यंत कोणत्याही वस्तूस हात लावू देत नाही. रायफलीच्या बाबतीत लक्ष्याचा कागद हाच पंचनामा होय, आणि तो वाचल्यावाचून हत्याराला पेचकस लावू नये, असे माझे निश्चित मत आहे.

हा कागद फार बोलका असतो. पाचही छिद्रे एका ठिकाणी, पण केंद्रापासून दूर असतील, तर रायफल निर्दोष असून केवळ माशी अगर मागची नेमपट्टी जुळवावयाची आहे. नळी तापत जाईल तसतशी छिद्रे एकाच दिशेने चालत निघाली, तर तापून वाढणाऱ्या नळीला दस्त्याचे लाकूड कोठेतरी अडते आहे. छिद्रे वाटोळी न पडता लांबट पडू लागली, तर गोळी हवेत कोलांट्या घेते आहे, म्हणजे नळीतील आटे झिजून गोळीला फिरकी देईनासे झाले आहेत. आणि छिद्रांचे दोन स्वतंत्र झुबके पडले, तर रायफलीचा कोणतातरी भाग दोन जागी बसतो आहे, कधी येथे, कधी तेथे. मात्र तीन गोळ्यांवर असा निवाडा देऊ नये. पाच-पाच गोळ्यांचे निदान दोन कागद हाती असावेत.

यानंतर माणसाची जबानी. तीच रायफल दुसऱ्या कसलेल्या नेमबाजाच्या हाती द्यावी आणि पहिल्याच्या हाती दुसरी भरवशाची रायफल द्यावी; दोष माणसाबरोबर जातो की हत्याराबरोबर राहतो, हे अर्ध्या तासात कळते. काडतुसांचेही तसेच. आपल्या खडकीच्या कारखान्यात 1869 पासून दारूगोळा तयार होतो, तेथील काय किंवा अन्य कोठलीही काडतुसे काय, बुडावरील खूण आणि वर्ष पाहून ती वेगळी करावीत, कारण निरनिराळ्या सालांची सरमिसळ झाली की वेग बदलतो आणि छिद्रे उभ्या रेषेत पसरतात. पावसात भिजलेले किंवा तेलकट काडतूस बोल्टवर अधिक जोराचा धक्का देते, व ली-एनफिल्डसारख्या, बोल्टचे खुंट मागे असलेल्या रायफलीत ती गोळी सहसा वर जाते.

आता एक अनुभव सविस्तर सांगतो. एका महाविद्यालयाच्या छात्रसेनेची चांदमारी माझ्या देखरेखीखाली असताना, .303 ची एक रायफल पावसाळा संपताच शंभर यार्डांवर दोन झुबके टाकू लागली; दोहोंमध्ये आडवे चार इंचांचे अंतर. ब्रिटिश सैन्याने 1907 मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे आपल्याकडे इशापूर येथे तयार होऊ लागलेल्या ली-एनफिल्डच्या नमुन्यातील ती रायफल होती. आमच्यापैकी एकाने माशी डावीकडे ठोकली, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी उजवीकडे ठोकली. दोन्ही झुबके इमानाने तितकेच सरकले, त्यांतील अंतर मात्र तसेच राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो सारा खटाटोप होता.

अखेरीस एका वृद्ध आर्मररकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, ती नेली. त्याने प्रथम बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग पुढचा दस्ता एका हातात व नळी दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळला, आणि केसाएवढी हालचाल आम्हा सर्वांस दिसली. स्क्रू तर गच्च आवळलेला होता! या रायफलीची मख्खी येथेच आहे. चापाच्या कडीपुढचा मोठा स्क्रू लाकडातून जातो, तेथे एक पोलादी नळकांडे बसवलेले असते. लाकूड सुकून आकसले की स्क्रू त्या नळकांड्यावर टेकून घट्ट होतो आणि लाकूड सैलच राहते. आवळणाऱ्याच्या मनगटाला घट्टपणाची ग्वाही मिळते, ती खोटी असते. शिवाय या नमुन्यात चाप त्या कडीवरच टांगलेला असल्यामुळे लाकूड फुगले-आकसले की चापाची ओढही बदलते. 1949 च्या सुमारास ली-एनफिल्डच्याच चौथ्या क्रमांकाच्या रायफलीत चाप थेट अॅक्शनवर, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या पोलादी चौकटीवर, टांगण्यात आला, तो याच कारणासाठी.

दस्ता उतरवल्यावर आर्मररने आम्हाला त्यातील दोन खाचा दाखवल्या. गोळी सुटताना अॅक्शन मागे येते, तो सारा धक्का या खाचांच्या भिंतींवर बसतो. उजवी भिंत मार खाऊन काळी, गुळगुळीत, काचेसारखी चकाकत होती. डाव्या भिंतीवर धूळ जशीच्या तशी होती. धक्का एकाच खांद्यावर येत होता, आणि सैल दस्ता प्रत्येक वेळी थोडा फिरून बसत होता. ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्याने नरम लाकडामुळे याच ठिकाणी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. आमच्या आर्मररने दोन्ही भिंतींना कठीण लाकडाच्या पातळ चकत्या बसवल्या, काजळी लावून भार दोन्हीकडे सारखा येईपर्यंत त्या तासल्या, आणि नळकांडे कानशीने किंचित आखूड केले. तो घाई करीत नव्हता, आणि पाहणाऱ्या मुलांपैकीही कोणी जागचे हलले नाही. एक ताकीद त्याने दिली, ती येथे सांगितलीच पाहिजे: या रायफलीचा मागचा दस्ता सोडवण्यापूर्वी पुढचा दस्ता उतरवलाच पाहिजे, नाहीतर मागचा दस्ता जोडणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक फिरताना पुढचे लाकूड चिरते. कित्येक उत्तम रायफली हौशी दुरुस्तीने अशाच कायमच्या जायबंदी झाल्या आहेत.

नळीच्या मुखाविषयी थोडक्यात. गोळीचा शेवटचा स्पर्श तेथे होतो. नळी साफ करण्याच्या पुलथ्रूची दोरी एकाच कडेला घासून तेथे चरा पडला, तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी तिरकी होते. म्हणून दोरी सरळ रेषेत ओढावी. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार दमट हवेत पाणी शोषून नळी गंजवतो. त्यावर तेल पुरत नाही, उकळते पाणीच ओतावे लागते.

त्या रायफलीचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही कागद, तारीख, काडतुसांचे साल आणि नेमबाजाची आद्याक्षरे यांसह, मी आज सोबत आणले आहेत. पहिल्यावर तीन आणि दोन अशी छिद्रे आहेत. दुसऱ्यावरची पाचही एका रुपयाखाली झाकली जात नाहीत, पण हाताच्या तळव्याखाली सहज झाकली जातात, आणि त्या जुन्या हत्याराकडून याहून अधिक मागणे अन्याय्य होईल. व्यासपीठाशेजारच्या मेजावर ते ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य जवळ यावे.