एक बैठक ठरवू या



आज एक साधा हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे. गेल्या वर्षभरात आपल्या गावात माणसे किती वेळा जमली, ते जरा आठवून पाहा. जत्रा झाली, गणपती बसले नि उठले, चार-पाच लग्ने झाली, बारशी झाली, दहावे-बारावे झाले, निवडणुकीच्या सभा झाल्या. पंगतीवर पंगती उठल्या. मोजायला बसलात, तर हाताची बोटे पुरणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न. मनातल्या मनात उत्तर द्या, मोठ्याने नको. ऊस वाळला आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे, पोरीचे लग्न तोंडावर आले आहे, आणि मध्यरात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी संकोच न करता कोणाचे दार वाजवाल? 'गड्या, मला काही सुचत नाही' हे कोणाला सांगाल? ही बोटे मोजताना मात्र पुष्कळांचा हात एका-दोन बोटांवरच थांबतो. काहींचा तर मिटलेलाच राहतो.

म्हणजे गर्दी भरपूर आहे आणि सोबत थोडी आहे. ही सोबत वाढवायची कशी, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

पूर्वी हे काम कामच करीत असे. पैऱ्याने औते चालत. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. भांगलणीला बायका एका ओळीने बसत, आणि तण काढता काढता मनातलेही निघे. आपल्या कोल्हापूर भागात गुऱ्हाळे होती. काही अजून आहेत, पण पुष्कळ बंद पडली. रात्री चुलवाणापाशी जाळ लागलेला असे, काहिलीत रस उकळत असे. वाटसरूसुद्धा दोन घटका टेकून ताजा रस पिऊन जाई. त्या उबेला बसून किती भांडणे मिटली असतील आणि किती सोयरिकी जुळल्या असतील, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

आता ट्रॅक्टर आला, ऊस कारखान्याला जाऊ लागला, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. यांत वाईट काही नाही. बैलामागे पुन्हा चालत जा, असे सांगायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी जी भेट आपोआप होत होती, ती आता आपोआप होणार नाही. ती ठरवावी लागेल.

कोणी म्हणेल, "अहो, मैत्री काय ठरवून होते? ती मनाची गोष्ट!" बरोबर आहे. पण शेतात उगवणारे पीकही मातीचीच गोष्ट आहे, म्हणून आपण पेरायचे थांबतो का? उगवणे आपल्या हातात नाही, पेरणे आहे.

आपल्याच कोल्हापूरची एक गोष्ट सांगतो. पुष्कळांनी ती ऐकली असेल, पण आजच्या विषयासाठी पुन्हा ऐका. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला, एवढ्याच कारणासाठी त्यांना बेदम मार बसला, कारण त्या काळी त्यांच्या जातीला ते पाणी बंद होते. महाराज परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कोणी?

मग महाराजांनी काय केले? हुकूम काढला असता तर लोकांनी तो भीतीने पाळला असता, आणि पाठ फिरताच मोडला असता. महाराजांनी आपली गाडी दुकानापुढे थांबवायला सुरुवात केली. ते चहा मागवीत, स्वतः घेत, आणि बरोबर असलेल्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावीत. ज्या पेल्याला हात लावायला लोक कचरत होते, तो राजाने सगळ्यांदेखत ओठाला लावला. पहिल्या दिवशी कितीजणांना तो घोट कडू लागला असेल! पण राजा पितो म्हटल्यावर हळूहळू बाकीचेही येऊ लागले.

आता बघा, तो चहा काही सहज, जाता जाता घेतलेला चहा नव्हता. तो ठरवून घेतलेला होता. म्हणून तो खोटा ठरला का? उलट, ठरवला म्हणूनच त्याला किंमत आली. ज्याच्याकडे आपली पावले आपोआप वळत नाहीत, त्याच्याकडे मुद्दाम वळणे, ही बैठकीची पहिली पायरी आहे. आपल्याच चार दोस्तांबरोबर कट्ट्यावर बसायला कोणाचे भाषण ऐकावे लागत नाही.

दुसरी पायरी आपल्या तालमींनी दाखवली आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे तुम्ही फुटबॉलच्या मैदानावरही ऐकली असतील. तालमीचे वैशिष्ट्य कशात आहे? वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि हाताला काम ठरलेले. पहाटे उठायचे, माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या. तिथे कोणी कोणाला 'तुझे मन मोकळे कर' असे म्हणत नाही. पण एखादा गडी दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी वस्ताद विचारतातच, "का रं, कुठं होतास? आई बरी हाय न्हवं?" आपण आलो नाही हे कोणाच्या तरी ध्यानात येते! श्रोतेहो, मैत्रीचा पाया एवढाच असतो. ज्या जागी आपली गैरहजेरी जाणवते, ती जागा आपली.

या ओळखीची खरी किंमत पाणी चढते तेव्हा कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा कशा फुगल्या, ते आपण पाहिले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक बंद पडली. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे वेढली गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. लष्कराच्या आणि आपत्ती दलाच्या नावा आल्या, त्यांचे उपकार मोठेच. पण नाव येईपर्यंत दार ठोठावले ते शेजाऱ्याने, तालमीच्या आणि मंडळाच्या पोरांनी. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाची सून दिवस भरलेली आहे, कोण जनावरे सोडून यायला तयार होणार नाही, ही माहिती कोणत्या यादीत असते? ती ओळखीत असते. आणि ओळख पूर आल्यावर करता येत नाही. ती उन्हाळ्यातच करून ठेवावी लागते.

तिसरी पायरी थोडी अवघड आहे. आपण जमतो तेव्हा कोण आलेले नाही, याकडे पाहायचे.

हळदीकुंकवाचेच घ्या. संक्रांतीला बायका एकमेकींच्या घरी जातात, वाण देतात, दोन गोड शब्द बोलतात. किती सुंदर रीत! पण त्याच गल्लीत एक दार असे असते, की तिथे कोणी बोलावणे घेऊन जात नाही, कारण त्या घरच्या बाईचा नवरा वारला आहे. जिला सोबतीची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच नेमके वगळायचे! शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात याचा विचार केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव त्या गावाने केला. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्याला शंभर वर्षे पूर्ण होत होती तोच हा महिना. थोड्याच दिवसांत राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले.

ठराव कागदावर होतो. पण तो खरा कधी होतो? जेव्हा एखादी सासुरवाशीण त्या बंद दाराची कडी वाजवून म्हणते, "काकू, संध्याकाळी आमच्याकडे यायचं हं. तुमच्यासाठी थांबणार आहे आम्ही." या एका वाक्याला पैसा लागत नाही, हिंमत लागते. याच शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आहे. तिथे मशिदीत गणपती बसतो, आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर पीर आणि गणपती शेजारी शेजारी असतात. म्हणजे आपल्या मातीला हे नवे नाही. आपल्यालाच त्याचा विसर पडतो.

आता कामाचे बोलू. तुम्ही म्हणाल, आम्ही नेमके करायचे काय?

महिन्यातून एक रात्र ठरवा. पौर्णिमा धरली तर तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. माणसे आठ-दहा पुरेत. पन्नास जमली की सभा होते, आणि सभेत माणूस भाषण करतो, मन सांगत नाही. जागा देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा किंवा कोणाचे अंगण. आठ-दहांत दोघे तरी असे असू द्यात, ज्यांच्या घरची पायरी तुम्ही अजून चढला नाहीत. दुसऱ्या गल्लीतला, दुसऱ्या पार्टीचा, दुसऱ्या जातीचा, नाहीतर नुकताच गावात राहायला आलेला.

हाताला काहीतरी काम ठेवा. शेंगा फोडा, हरभरा सोला, बी-बियाणे निवडा. हात गुंतले की जीभ सैल होते, आणि गप्प बसणाऱ्यालाही अवघड वाटत नाही. मोबाइल एका पाटीत गोळा करून ठेवा. हारतुरे नकोत, अध्यक्ष नको, फोटो नको. दारू तर नकोच, कारण तिच्या नादाने आलेले बोल सकाळी कोणी आपले म्हणत नाही.

एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. आपली खोड अशी, की समोरच्याचे दुखणे पुरते ऐकायच्या आधीच आपण औषध सांगतो. "अरे, त्यात काय, असं कर की!" आणि बोलणारा मिटतो. सल्ला मागितला तरच द्या. आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवा. अंगणातले बोलणे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ऐकू आले, तर बैठक मोडलीच म्हणून समजा.

आणखी एक. चहा कोण करणार, ते आधीच ठरवा. पुरुष अंगणात जिवाभावाचे बोलत बसलेत आणि घरची लक्ष्मी आत चुलीपाशी कपबशा विसळत राहिली, तर त्या बैठकीतून एक माणूस आपणच वजा केले. पाळीपाळीने करावा चहा. पुरुषाने केलेल्या चहात साखर थोडी जास्त पडेल, पण चालेल. भगिनींनो, तुमचे बचत गट आहेतच. पैशांचा हिशेब संपला की लगेच उठू नका. अर्धा तास बसा आणि एकमेकींना विचारा, "बाकी कशी आहेस?" मग उत्तराची वाट पाहा.

गुरुजनहो, तुमच्याकडे तर रोजचीच बैठक आहे. १९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत आणली. एका छताखाली आणण्याचे काम शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाले. एका ओळीत, एका डब्यापाशी आणण्याचे काम अजून तुमच्या हाती आहे. मधल्या सुट्टीत एकदा नुसते पाहा, कोण एकटे जेवते? त्या मुलाला 'याच्याशी मैत्री करा' असे वर्गात मोठ्याने सांगू नका. तो लाजेने आणखी आक्रसेल. त्याला आणि दुसऱ्या दोघांना मिळून एक काम द्या. बागेला पाणी घालणे, घंटा वाजवणे, ग्रंथालयाची पुस्तके लावणे. बाकीचे ती मुलेच करतील.

शेवटी एक खरे सांगून टाकतो, म्हणजे तुमचा हिरमोड होणार नाही. पहिल्या रात्री दहाजण येतील. दुसऱ्या रात्री सहा. तिसऱ्या रात्री पाऊस पडेल आणि तिघेच उरतील. कोणी हसेल, "झाली का तुमची पंचायत?" त्या तिसऱ्या रात्री बैठक मोडू नका. तिघांनीच बसा. जो आला नाही, त्याच्या घरी सकाळी जाऊन म्हणा, "काल तुमची वाट पाहिली." बैठक खरी कधी सुरू झाली, असे पुढे कोणी विचारले, तर तुम्ही याच सकाळकडे बोट दाखवाल.

मघाचा प्रश्न आता जरा फिरवून विचारतो आणि आपली रजा घेतो. मध्यरात्री आपण कोणाचे दार वाजवू, हे झाले. पण आपले दार वाजवावे असे गावातल्या कोणाला वाटेल? ते नाव मनात आले असेल, तर येत्या पौर्णिमेचे पहिले बोलावणे तिथे द्या. आणि नाव आले नसेल, तर बोलावणे देण्याची गरज तुम्हालाच अधिक आहे.