जोखीम कोणाची, जबाबदारी कोणाची?



जुगाराचा विचार समाजवादी चळवळीत बहुधा नीतीच्या अंगाने झाला. परंतु जुगार हा संघटित व्यवसायही आहे. म्हणून त्यात जोखीम कोणाची आणि नफा कोणाचा, हेही विचारले पाहिजे.

या दृष्टीने ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील बुकी ग्राहकाची पैज स्वतः स्वीकारतो. ग्राहक जिंकल्यास पैसे त्याला पदरचे द्यावे लागतात. २००० साली सुरू झालेल्या बेटफेअर कंपनीने इंटरनेटवर निराळी रीत रूढ केली. एक ग्राहक म्हणतो घोडा जिंकेल, दुसरा म्हणतो हरेल. कंपनी दोघांची गाठ घालून देते आणि जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. घोडा जिंको वा हरो, कंपनी हरत नाही.

मग तिला बुकी म्हणावे काय? आपण केवळ बाजाराची जागा पुरवतो, हा दलालाचा नेहमीचा युक्तिवाद. २००५ च्या ब्रिटिश जुगार कायद्याने 'पैजेचा मध्यस्थ' असा स्वतंत्र वर्ग केला. पण मध्यस्थी म्हणजे पैजेची सोय पुरवणेच होय, हेही त्याच कलमात सांगून टाकले. परिणामी परवाना आणि जुगार आयोगाची देखरेख मध्यस्थाला चुकली नाही. कर मात्र वर्गानुसार मोजला जातो : बुकीच्या ढोबळ नफ्यावर, मध्यस्थाच्या दलालीवर. जोखीम नाही म्हणून जबाबदारी नाही, ही पळवाट कायद्याने बंद केली.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदीचा मार्ग धरला. कौशल्य की दैव हा जुना भेद बाजूला सारून पैसे लावून खेळायचे सर्वच ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवले. खेळ चालवणाऱ्याबरोबरच जाहिरात करणारा आणि पैशांची देवघेव घडवून आणणाराही शिक्षेस पात्र ठरला. खेळणारा मात्र नाही. ही दिशा योग्य आहे. तथापि, १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अस्तित्वात असतानाही मुंबईत मटका दशकानुदशके चालला, हा इतिहास विसरता येत नाही. नाक्यावर आकडा लिहून घेणारा पोरगा पकडायचा आणि गल्ला मोजणारा मोकळा सोडायचा, असे झाले तर नवी बंदीही कागदावरच राहील.

हरणाऱ्यांत मजूर, बेकार आणि विद्यार्थी असतात. दलाली मात्र पैजेच्या निकालावर नव्हे, तर उलाढालीवर वाढते. म्हणून कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा तो एवढाच : धंद्याला नाव कोणतेही असो, पैसा ज्याच्या हाती साठतो, जाब त्यालाच विचारला जावा.